खांद्यावरचे बोट

१४ सप्टेंबर

बाबा,

आधीच स्पष्ट करते: हे पत्र क्षमा मागण्यासाठी लिहिलेले नाही.

दर रविवारी मी फोन करते, दर रविवारी दादा उचलतो, आणि दर रविवारी तुम्ही एक तर झोपलेले असता, नाहीतर चर्चला गेलेले असता. दुपारी तीन वाजता आपले चर्च कुलूपबंद असते. त्याची किल्ली पंचवीस वर्षे आपल्याच घरातल्या खिळ्यावर होती. खोटे बोलायचे तर निदान नेटके बोलावे, असे मी दादाला सुनावले. तो म्हणाला, "तू लिही ना त्यांना. लिहिलेलं वाचतील ते." म्हणून लिहिते आहे.

आईला जाऊन परवा वर्ष झाले. येथील चॅपेलमध्ये मी तिच्यासाठी मिस्सेची प्रार्थना सांगितली होती. फादरांनी तिचे नाव अर्धवट उच्चारले. मी पुढल्या बाकावरून उभी राहून ते दुरुस्त केले, त्यांनी ते पुन्हा नीट म्हटले. काही लोक माझ्याकडे पाहत होते. पाहोत बापडे. मृताचे नाव तरी अचूक घ्यावे.

येथे विद्यापीठात माझी खोली चौथ्या मजल्यावर आहे. एक खाट, एक टेबल, खिडकीखाली सायकलींचा तळ. दिवसभर मी रिकाम्या सभागृहांत उभी राहून दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटते आणि तो आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते यंत्राने मोजते. दादा म्हणतो, "सात वर्षं शिकून शेवटी टाळ्याच वाजवतेस की." त्याला हसू दे. आवाज कसा मरतो हे ज्याला कळते त्यालाच तो कसा जगवावा हे कळते. चॅपेल ग्रंथालयाच्या मागे आहे. तेही मी सवयीने मोजले: एक पूर्णांक सात दशांश सेकंद. स्तोत्रासाठी उत्तम. येथे येणाऱ्या तीस-पस्तीस माणसांपैकी एकालाही त्याचा उपयोग करता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

मी एकही रविवार चुकवलेला नाही. हे तुमच्या माहितीसाठी.

आता त्या दिवसाविषयी, एकदाच. आईच्या अंत्यविधीच्या मिस्सेत तुमचा सूर उतरत होता. पहिल्या कडव्यात किंचित, दुसऱ्यात अर्ध्या सुराने. तुम्ही पायपेटी एका पट्टीत वाजवत होता आणि गात दुसऱ्याच पट्टीत होता. लोक तुमच्या पुढे निघून गेले होते आणि तुम्हाला त्याचा पत्ता नव्हता. तिथे आईची शवपेटी होती, बाबा. कोणीतरी सावरणे आवश्यक होते, मी सावरले. नंतर भेटलेल्या प्रत्येकाने मला सांगितले की असे गाणे आपल्या चर्चमध्ये कधी झाले नव्हते. केवळ तुम्ही काही बोलला नाहीत. नवव्या दिवशी मी विमानात बसले, तरीही नाही.

हेही लिहूनच टाकते. आई तीस वर्षे तुमच्या मागे उभी राहायची आणि तुमच्या डाव्या खांद्यावर बोटाने ताल धरायची. मला ते कधीच रुचले नाही. वादकाला ताल धरून द्यावा लागतो, हे लोकांना कसे दिसत असेल, असा विचार तुम्हा दोघांच्या मनात कधी आलाच नाही का?

उत्तराची वाट न पाहणारी,
तुमची लेक


१३ ऑक्टोबर

बाबा,

उत्तर आले नाही. मी वाट पाहत नव्हतेच.

येथल्या गायकवृंदाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मी मागितलेली नाही. मिस्सा संपल्यावर फादर दाराशी उभे होते. उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. आठवडाभर विद्यार्थ्यांना तर्कशास्त्र शिकवतात आणि रविवारी ते विसरायला सांगतात. मला म्हणाले, "शेवटचं गीत सुरू झालं की तू कपाळाला आठ्या घालतेस. एक तर डोळे तपासून घे, नाहीतर कॉयर हातात घे."

"फादर, डोळ्यांचा दोष नाही. कानांचा आहे."

"तुझ्या?"

"त्यांच्या."

ते हसले. मला हसण्यासारखे काही दिसले नाही.

नऊ जण होते. मी प्रत्येकाला वेगळे बोलावून त्याचा आवाज तपासला आणि कोणी कुठे उभे राहायचे ते आखून दिले. आजवर ही माणसे ज्याची ज्याच्याशी मैत्री त्याच्या शेजारी उभी राहत असत. गायकवृंद म्हणजे गप्पांचा कट्टा नव्हे. सर्वांत मोठा वाद दोघींवरून झाला. एक रुग्णालयातील नर्सबाई, अंगाने भक्कम आणि तोंडाने त्याहून. दुसरी त्याच रुग्णालयाच्या धुलाईघरात एकतीस वर्षे काम करणारी बाई, साठी ओलांडलेली, हात कोपरापर्यंत लाल. तिला सगळे मावशी म्हणतात. या दोघी कायम खेटून उभ्या. मी नर्सबाईंना दुसऱ्या टोकाला पाठवले.

"अगं, आम्ही जोडीने असतो," नर्सबाई म्हणाल्या. "चपलांसारख्या."

"तुमचा आवाज खालचा आहे, मावशींचा वरचा. एका जोडीच्या नव्हेतच तुम्ही."

"बघ हं. एक चप्पल काढून घेतलीस तर माणूस लंगडतो."

मावशी मात्र माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या. मला वाटले, किती मठ्ठ बाई.

तुम्ही गायकवृंद कसा चालवत होता ते मला आठवते. दार सर्वांना उघडे. ज्याला येईल त्याने यावे, न येईल त्यानेही यावे. मी बारा वर्षांची असताना तुम्हाला म्हटले होते की याने गाणे बिघडते, आणि तुम्ही म्हणाला होता, "बिघडू दे थोडं. माणसं तर येतात." मला ते आळशीपणाचे तत्त्वज्ञान वाटले होते. अजूनही वाटते.

लेक


१० नोव्हेंबर

बाबा,

गेल्या महिन्यात मावशींचा आवाज भटकू लागला. आधी तो मोठा होता, पण जागेवर होता. आता ओळ संपल्यावरही त्यांचा एकटीचा स्वर मागे रेंगाळतो, गर्दीत चुकलेल्या माणसासारखा. तीन रविवार मी वाट पाहिली. मग सरावानंतर त्यांना थांबवले. दोन आठवडे आधी तुम्हाला जी गोष्ट अभिमानाने सांगितली असती ती आज तशी सांगवत नाही. जशी घडली तशी लिहिते.

मी म्हटले, "मावशी, तुम्ही बाकावर बसून गायलात तर अधिक बरं होईल."

"काय म्हणालीस?"

मी पुन्हा म्हटले. जरा मोठ्याने. इतर आठ जण चटकन आपापली पुस्तके आवरू लागले.

"माझ्यामुळे बिघडतंय का?" त्यांनी विचारले.

"हो."

खरे बोलणे हा दुर्गुण नाही, असे मी मानत आले. त्या म्हणाल्या, "बरं." त्यांनी गीतांचे पुस्तक माझ्या हाती दिले. पुस्तकाला कापडाचे कव्हर होते, शिवलेले, इस्त्री केलेले. ते माझ्याकडेच राहिले आहे.

पुढल्या रविवारी नर्सबाई आल्या नाहीत. त्यानंतरच्या रविवारी आणखी दोघे. फादर मला म्हणाले, "कॉयर आता फार सुरेल झालाय. पाचच माणसं, पण फार सुरेल." शब्दांत उपहास नव्हता, आणि त्यामुळेच तो अधिक बोचला.

आणखी एक गोष्ट. कम्युनियनच्या वेळी पवित्र भाकर घ्यायला सगळे रांगेत जातात आणि मी जागेवर बसून राहते. ते का, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या घरात शनिवारी संध्याकाळी प्रार्थना झाली की प्रत्येकाने प्रत्येकाची माफी मागायची, आणि मगच दुसऱ्या दिवशी वेदीपुढे जायचे, ही शिस्त तुम्हीच घातलीत. कोणाशी वाकडे असताना त्या रांगेत उभे राहायचे नाही. एकदा दादाने माझी पट्टी मोडली आणि माफी मागितली नाही, तर तुम्ही त्याला सगळ्यांच्या देखत बाकावर बसवून ठेवले होते. तो नऊ वर्षांचा होता. मी एकतीस वर्षांची आहे आणि चौदा महिने बसून आहे. येथे कोणी विचारत नाही. परंतु त्या रविवारी मावशी रांगेतून परतल्या त्या आपल्या बाकाकडे गेल्याच नाहीत. माझ्या शेजारी येऊन गुडघ्यांवर बसल्या आणि सगळे आपापल्या जागी परतेपर्यंत उठल्या नाहीत. ज्या जागेवरून मी त्यांना काढले तिथेच येऊन बसल्या. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

तुम्ही एक ओळ लिहिलीत तर मला त्या रांगेत उभे राहता येईल. क्षमा मागत नाही. केवळ ओळ मागते आहे.

लेक


८ डिसेंबर

बाबा,

हे पत्र अंथरुणातून लिहिते आहे, अक्षर खराब आहे, चालवून घ्या. सहा दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी दार वाजले. मावशी. चार मजले चढून आल्या होत्या, हातात डबा, काखेत पिशवी. कसे कळले असे विचारले तर म्हणाल्या, "रविवारी दिसली नाहीस. तू तर मेलीस तरी रविवारी येशील." मी हसले तर खोकला आला.

त्यांनी मला खुर्चीत बसवले, चादरी ओढून काढल्या, नव्या घातल्या, जुन्या पिशवीत भरल्या. दुसऱ्या दिवशी त्या चादरी परत आल्या, अशा घडीच्या की उलगडवेनात. मी पलंगावरून, भिंतीकडे तोंड करून, आभार मानले. त्या जवळ आल्या आणि हनुवटीला धरून माझे तोंड आपल्याकडे वळवले. "इकडे बघून बोल. भिंतीशी काय बोलतेस?"

हेच वाक्य. अगदी हेच. तुम्ही आम्हाला ते दिवसातून दहा वेळा म्हणायचा. मला तो हुकूम वाटे, डब्यांच्या कारखान्यातून घरी आलेल्या फोरमनचा हुकूम.

बाबा, पहिल्या पत्रात मी "सावरले" असा शब्द वापरला. शब्द चुकीचा होता. मी चुकीचे शब्द वापरत नाही, म्हणजे तो जाणूनबुजून वापरला होता. मी पहिल्या बाकावरून उठले, शवपेटीला वळसा घालून तुमच्यापाशी आले, आणि तुमची दोन्ही मनगटे धरून तुमचे हात पायपेटीवरून उचलले. लहान मुलाचे हात ताटातून उचलावेत तसे. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. तुमच्या चेहऱ्यावर संताप नव्हता. काय झाले ते न समजलेल्या माणसाचा चेहरा होता तो. मग मी गायले, एकटी, पाचही कडवी. पायपेटीशिवाय. दोष काढायला जागा नव्हती. आणि गाताना माझ्या मनात आई नव्हती, बाबा. हे गाणे किती चांगले होते आहे, हे होते.

हे मी फादरांनाही सांगितलेले नाही.

लेक


१९ जानेवारी

बाबा,

आज जे लिहिते आहे ते शांतपणे वाचा. मला ते शांतपणे लिहिता येत नाही.

माझ्या अभ्यासाच्या या टप्प्यात साठीपुढची माणसे लागतात. दगडी सभागृहात त्यांना बोलणे कितपत समजते ते पाहायचे असते. मी चॅपेलच्या फलकावर चिठ्ठी लावली. एकच नाव आले. मी ज्यांना बाकावर बसवले होते त्या मावशींचे. सोबत नर्सबाई, रखवालदारासारख्या.

प्रयोगाआधी प्रत्येकाचे कान तपासावे लागतात. बंद खोलीत बसवायचे, बारीक शिट्ट्या ऐकवायच्या, ऐकू आली की बटण दाबायचे. मी काचेबाहेर बसले होते. मावशी हसत बसल्या होत्या, अंगठा बटणावर, डोके डावीकडे किंचित कललेले. मी शिट्टी वाजवली. अंगठा हलला नाही. वाढवली. नाही. आणखी वाढवली. पडद्यावरची रेघ कड्यावरून दगड सुटावा तशी खाली गेली. उजवा कान जवळपास संपलेला, डावा अर्धा. एकतीस वर्षे धुलाईयंत्रांच्या मधोमध.

मी आत गेले. त्यांच्या समोर बसून, तोंड त्यांच्याकडे करून विचारले, "मावशी, मग तुम्ही गात कशा होतात?"

"ही होती ना," त्या नर्सबाईंकडे बोट दाखवून म्हणाल्या. "कोपर लावायची. एकदा लावलं की सुरू कर. दाबून धरलं की सूर वर घे. दोनदा लावलं की थांब."

"आणि मी तुम्हाला वेगळं केलं."

"हो."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू इतकी शिकलेली. मला वाटलं, तुला माहीत असेल."

नर्सबाई तेवढ्यात म्हणाल्या, "मी सांगणार होते. पण तुझा चेहरा असा होता की देवसुद्धा आधी चिठ्ठी पाठवून येईल."

मी उठून बाहेर आले आणि जिन्यात बसले. मला नर्सबाईंचे कोपर दिसत नव्हते. आईचे बोट दिसत होते. तुमच्या डाव्या खांद्यावर. एकदा. दाबून. दोनदा.

बाबा, माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक तक्ता आहे. पत्रा ठोकणाऱ्या कारखान्यांतील कामगारांची श्रवणशक्ती, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, तीस वर्षांनी. तो तक्ता मी स्वतः तयार केला. त्यावर मला शाबासकी मिळाली. अठ्ठावीस वर्षे डब्यांची झाकणे ठोकणाऱ्या माणसाच्या घरी मी वाढले आणि त्याची आठवण मला त्या तक्त्यात एकदाही झाली नाही.

आता सगळे जागच्या जागी बसते आहे. आई नेहमी तुमच्या डाव्या हाताला बसायची. तुम्ही भलत्याच प्रश्नाची उत्तरे द्यायचा आणि आम्ही मुले एकमेकांना डोळे मारून हसायचो. माझा आवाज बारीक म्हणून तुम्ही मला "मोठ्याने वाच" म्हणायचा आणि मला वाटायचे की माझ्या वाचनात काही कमी आहे. त्या रागाने मी इतकी अचूक झाले. आणि त्या दिवशी तुमच्या मागे कोणी नव्हते. जी उभी राहायची ती पुढे शवपेटीत होती. तुम्ही तिच्याशिवाय पहिल्यांदाच गात होता, आणि मी उठून तुमचे हात उचलले.

दादा म्हणाला होता, लिहिलेलं वाचतील ते. मला हे वाक्य चार महिने समजले नाही.

बाबा, तुम्हाला ऐकू येते का? दादालाही आजच लिहिते आहे. त्याने खरे सांगितले नाही तर मी त्याच्याशी जन्मात बोलणार नाही, असे आधी लिहिले आणि मग खोडले. मी कोणाशी बोलणार नाही, ही धमकी मला आता वापरवत नाही.

लेक


१६ फेब्रुवारी

बाबा,

दादाचे पत्र आले आणि त्यात घडी घातलेली तुमची चिठ्ठी.

दादाने सगळे लिहिले आहे. तुम्ही त्याला शपथ घातली होती, ती त्याने मोडली. त्याला रागावू नका. उजवा कान माझ्या जन्माआधीच गेला होता. डावा थोडा चालत होता. हे आईला माहीत होते आणि आणखी कोणालाही नाही, कारण बहिऱ्याच्या हाती गायकवृंद कोण देईल. मी गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात तुम्हाला ताप आला, आणि तो उतरला तेव्हा डावा कानही सोबत घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, यंत्राचाही आता उपयोग नाही.

दादा लिहितो: "चर्चला जातात, पण शेवटच्या बाकावर बसतात. घरची जुनी पेटी संध्याकाळी उघडतात. भाता मारत नाहीत. नुसती बोटं फिरवतात. मी विचारलं तर म्हणाले, बेसूर वाजलं तर मला कळणार नाही, मग शेजाऱ्यांना त्रास कशाला? वहिनी तुझी आत जाऊन रडते. मी रडत नाही, पण मी आतही जात नाही."

तुमची चिठ्ठी मला पाठ झाली आहे. तरी येथे उतरवते, कारण काही वाक्ये आपल्याच अक्षरात पाहिल्याशिवाय खरी वाटत नाहीत.

"बाळ, पत्रं मिळाली. सगळी दोनदा वाचली. त्या दिवशी तू हात उचललेस तेव्हा राग आला होता, खोटं कशाला सांगू. आईसमोर उचललेस म्हणून जास्त. पण मग तू गायलीस. शब्द कळले नाहीत, सूर कळला. सगळा कळला. नंतर ताप आला आणि बंद झालं. नीट ऐकलेलं शेवटचं तेच. चांगलं होतं. आता तू येशील, समोर बसून तोंड हलवशील आणि मला काही ऐकू येणार नाही. ते मला बघायचं नाही. कानात जे आहे ते राहू दे. म्हणून फोनवर येत नव्हतो. माफीचं म्हणशील तर आपल्या घरात शनिवारी कोणी काही शिल्लक ठेवत नाही. मी त्याच शनिवारी सोडून दिलं होतं. तू रांगेत जा. येऊ नकोस."

मी फादरांकडे पापनिवेदनाला गेले. दीड वर्षाने. पापांची मी यादी करून नेली होती, क्रमाने, क्रमांक घालून. त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "हे वाचून दाखवू नकोस. सांग." मला पहिले वाक्यसुद्धा धड सांगता आले नाही.

मावशींकडेही गेले. धुलाईघरात, वाफेत, त्या मोठ्या यंत्रांच्या गदारोळात. त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हटले की मी चुकले, नर्सबाई परत आल्या आहेत, तुमची जागा त्यांच्या शेजारी आहे, या. कापडाचे कव्हर असलेले पुस्तक पुढे केले.

त्यांनी ते घेतले नाही. माझे हात मात्र दोन्ही हातांत घेतले. "नको गं. आधी मला ठाऊकच नव्हतं ना, बिघडतं ते. आता गायला तोंड उघडलं की लाज वाटते."

मी पुष्कळ समजावले. त्या पुष्कळ हसल्या. पण नाहीच म्हणाल्या.

एखादी चूक झाल्यावर ती दुरुस्त करता येते, या श्रद्धेवर माझे सगळे शिक्षण उभे आहे, बाबा. मी नावे दुरुस्त केली, जागा दुरुस्त केल्या, सूर दुरुस्त केले. माणसाला एकदा लाज शिकवली की ती परत घेता येत नाही, हे मला कोणत्याही परीक्षेत विचारले गेले नाही.

लेक


९ मार्च

बाबा,

आज रविवार. मी रांगेत गेले. तुम्ही जा म्हणालात म्हणून गेले. माझ्या पुढे नर्सबाई होत्या. त्या मागे वळून पुटपुटल्या, "आलीस एकदाची. बाकाला खड्डा पडायची वेळ आली होती." परतले ती गायकवृंदाकडे गेले नाही. शेवटचे गीत त्यांनी माझ्याशिवाय गायले. मावशी सोडून आठ जण आहेत पुन्हा. मैत्री पाहून उभे राहतात. सूर चांगला नव्हता.

मी मावशींच्या बाकामागे, त्यांच्या पाठीशी उभी राहिले. गीत सुरू झाले तसे माझे बोट त्यांच्या डाव्या खांद्यावर टेकवले. एकदा. वर जायचे तिथे दाबून धरले. कडवे संपले तेव्हा दोनदा. नर्सबाईंनी मला आठवडाभर शिकवले होते, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या होत्या, "एवढं जोरात नको. बेल नाहीये ती, बाई आहे." मावशी गायल्या नाहीत. एक शब्दही नाही. पण खांदा काढून घेतला नाही.

तुमची आज्ञा मी मोडते आहे. बावीस तारखेचे विमान आहे, चोवीसला, सोमवारी, घरी पोहोचते. दादाला स्टेशनवर यायला सांगितले आहे. वहिनीला सांगा, माझ्यासाठी काही वेगळे करू नये. मार्गदर्शक बाईंनी विचारले, किती दिवस? मी म्हटले, ठाऊक नाही. आयुष्यात प्रथमच मी त्यांना अंदाजाने उत्तर दिले.

तुमच्या कानात जे आहे त्याला मी हात लावणार नाही. मी तुमच्यासमोर बसणार नाही, तोंड हलवणार नाही. गाणार नाही. हे वचन मला कठीण आहे, ते किती ते तुम्हालाच कळेल.

फक्त संध्याकाळी तुम्ही पेटी उघडाल तेव्हा मागे येऊन उभी राहीन. आई जिथे राहायची तिथे, डावीकडे. तुमच्या खांद्यावर एक बोट टेकेल. ते आईच्या बोटाइतके शहाणे नसेल. चुकेल, उशिरा दाबेल, जोरात लागेल. ते टेकले की भाता मारा, बाबा. शेजाऱ्यांना होऊ दे त्रास. बिघडू दे थोडे.

आणि नको वाटले तर बोलायची गरज नाही. तुम्ही नुसता खांदा काढून घ्या. मला कळेल.

तुमच्या मागे उभी,
लेक